दाराशी सॅनिटायझर, ताटात खिचडी

गेल्या मे महिन्यात खानदेशात आमच्या भागातल्या एका वृद्धाश्रमात आठवड्याभरात सहा जणांना जुलाब लागले. पारा पंचेचाळीसच्या आसपास होता, त्यामुळे पहिले दोन दिवस सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. मग दोघांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागलं आणि त्यातल्या एक आजी परत आल्या नाहीत. आईचे चुलतभाऊ नाना तिथे तीन वर्षांपासून राहतात, म्हणून शोकसभेला मीही गेलो. सभेत तीन भाषणं झाली. पहिल्या वक्त्यांनी हल्लीच्या मुलांचे संस्कार काढले: आईबापांना असं टाकून दिल्यावर दुसरं काय होणार? दुसऱ्यांनी दह्याचं आणि ताकाचं महात्म्य सांगितलं, आणि शेवटी प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपकारक समजले जाणारे जंतू असलेल्या, पुड्यांचा एक खोका ट्रस्टला भेट दिला. ट्रस्टच्या वतीने बोलणाऱ्या गृहस्थांनी फरशी नवी आहे, पाणी आरओचं आहे, कॅमेरे लावलेत, कोरोनात मिळालेलं पायाने दाबायचं सॅनिटायझर स्टँड अजून दाराशी उभं आहे, असा सगळा हिशेब दिला. टाळ्या तिघांनाही पडल्या. आजारी पडलेली सहा माणसं मागच्या तीन महिन्यांत काय खात होती आणि कोणत्या गोळ्या गिळत होती, हे तिघांनीही विचारलं नाही. चहाच्या वेळी मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, कारण तशी नोंदच कुठे नव्हती.

हा वाद आपण चुकीच्या जागी उभे राहून घालतो आहोत, असं मला वाटतं. बाहेरून जंतू आला एवढ्याने म्हातारं माणूस आजारी पडतंच असं नाही. आतड्यातली राखण उठलेली असली की पडतं. आणि ती राखण उठवायचं काम आपण, अगदी चांगल्या हेतूने, रोजच्या ताटातून आणि गोळ्यांच्या डब्यातून करत असतो. म्हणून वृद्धाश्रम चांगला की वाईट हे ठरवायचं असेल तर फरशी आणि कॅमेरे मागाहून पाहावेत. आधी स्वयंपाकघर आणि औषधांचं कपाट उघडून पाहावं.

राखण हा शब्द मी शेतातून उचलला आहे आणि त्याला कारण आहे. आमच्या घरी कापूस होता. १९८०च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइडची औषधं आली तेव्हा वडिलांनीही ती फवारली. सुरुवातीला बोंडअळी अशी नाहीशी झाली की लोक त्या बाटलीला हात जोडायचे. पुढे पांढरी माशी आली, पानं चिकट आणि काळी पडू लागली, आणि अळीही त्याच औषधाला दाद देईना. कृषी खात्याच्या माणसांनी तेव्हा जे समजावलं ते आज बहुतेक कापूसवाल्यांना पाठ आहे: फवाऱ्याने अळीबरोबर ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असले मित्रकीटकही मेले, आणि त्यांनी दाबून ठेवलेल्या किडीला रान मोकळं झालं. शेतात एवढं कळणारा माणूस स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला दर तापाला ‘एकदम स्ट्राँग’ गोळी मागतो, तेव्हा हे शहाणपण कुठे जातं?

कारण आतड्यातला प्रकार जवळजवळ तसाच आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब केला, त्यात एका माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू निघाले, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. हे जंतू नुसते बसून नसतात. ते जागा अडवतात, नव्या जंतूला खायला काही शिल्लक ठेवत नाहीत, आणि आपण न पचवलेला चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्या ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. काही जंतू पित्तरसात असा बदल करतात की त्यामुळे क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूची वाढ दबून राहते. ही राखण किती मोलाची, हे १९५०च्या दशकात शिकागोच्या बोनहॉफ आणि मिलर यांनी उंदरांवर दाखवून दिलं. साध्या उंदराला साल्मोनेलाची लागण करायला लाखभर जंतू पाजावे लागत. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाचा, एक डोस दिलेल्या उंदराला दहाहून कमी जंतू पुरत. उंदीर तेच, जंतू तेच, पिंजराही तोच. मधली राखण तेवढी गेली होती.

आता वृद्धाश्रमातल्या माणसाकडे या नजरेने पाहा. वयाने आतडी मंदावलेली, दात पडलेले, तहान कमी लागते. त्यात रात्री संडासला उठावं लागेल म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही ही बहुतेकांची सवय, आणि ती खानदेशच्या उन्हाळ्यात. लघवीचा संसर्ग हा त्यांचा नेहमीचा आजार, आणि तो करणारा ई. कोलाय हा जंतू बहुतेक वेळा त्यांच्याच आतड्यातून आलेला असतो. म्हणजे आतडं हे नुसतं जुलाबाचं ठिकाण नाही. मूत्रमार्गात आणि कधी रक्तात उतरणाऱ्या जंतूंचं ते कोठार आहे. त्या कोठारात निरुपद्रवी जाती भरपूर असल्या तर उपद्रवी जाती कोपऱ्यात राहतात. एका सभागृहात वीस खाटा, एकच मदतनीस बाई सगळ्यांना उठवणार-बसवणार, धुणार-पुसणार, तिथे एकाच्या कोठारातला हट्टी जंतू दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. दाराशी उभं असलेलं ते सॅनिटायझर इथे फसवं ठरतं. डिफिसिलचे टणक कवचाचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ते साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवूनच काढावे लागतात. त्या आश्रमात मी हात धुवायला गेलो तेव्हा स्टँडवर देणगीदाराचं नाव ठळक होतं आणि बेसिनवर साबणाची चिपटी उरली होती.

यावरचा सगळ्यात दमदार आक्षेप मला एका डॉक्टर मित्राने घेतला. तो म्हणाला, तू कारण आणि परिणाम उलटे लावतोयस. माणूस आधी खंगतो, मग वृद्धाश्रमात येतो. खंगलेल्याचे जंतू बिघडलेले असणारच. आक्षेप खरा आहे आणि या विषयातल्या बऱ्याच अभ्यासांना तो लागू पडतो. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एल्डरमेट गटाने २०१२ साली १७८ वृद्धांचे जंतू तपासले. कायमच्या निवासी देखभालीत असलेल्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता कमी आणि अशक्तपणा जास्त, तर आपल्या घरी राहणाऱ्यांच्या आतड्यात विविधता जास्त, असं त्यांना दिसलं. एवढ्यावरून कोण कोणामुळे हे ठरत नाही, हे कबूल. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. संस्थेत गेल्यावर माणसाचा आहार झटकन बदलतो आणि जंतू मागाहून, हळूहळू बदलत जातात. आधी ताट, मग आतडं असा तो क्रम होता. नुसत्या खंगण्याने जंतू बिघडले असते तर हा क्रम असा दिसला असता का?

कारण-परिणामाचा याहून सरळ पुरावा अॅमस्टरडॅमच्या एका चाचणीत मिळतो, जरी ती ऐकून नाक मुरडावंसं वाटलं तरी. डिफिसिलचे जुलाब पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू नळीवाटे देण्यात आले. १६पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकावर ठेवलेल्या १३ जणांत ४ बरे झाले. फरक इतका ठसठशीत होता की चाचणी मुदतीआधी थांबवली, आणि २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. जंतूंचा समाज परत बसवला आणि आजार गेला, तर तो समाज उठणं हे आजाराच्या कारणांत धरायला हवं. (हा घरगुती उपाय नव्हे. २०१९ साली अमेरिकेत अशाच उपचारात दात्याच्या विष्ठेतून हट्टी ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला, तेव्हापासून दात्याची तपासणी कडक झाली.) मित्राने हे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘हे आयर्लंडचं झालं, हॉलंडचं झालं. आपल्याकडची माणसं वेगळी, जेवण वेगळं.’ यावर माझं उत्तर एवढंच की जेवण वेगळं असतं तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

नानांच्या आश्रमात जेवणघराच्या फळ्यावर वारांपुढे पदार्थ नसतात, देणगीदारांची नावं असतात. सोमवारी कोणाच्या नातवाचा वाढदिवस, म्हणून शिरा-पुरी आणि वर केक. बुधवारी कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी, म्हणून बुंदी आणि मसालेभात. शुक्रवारी एखादं मंडळ जिलेबी वाटून फोटो काढून जातं. ज्या दिवशी फळ्यावर नाव नाही त्या दिवशी खिचडी, नाहीतर वरणभात. सकाळ-संध्याकाळ चहा आणि मैद्याची बिस्किटं. म्हणजे आठवड्याचा आहार दोनच गोष्टी ठरवतात: दात्याचा उत्साह आणि आचाऱ्याची सोय. जंतूंना हवा असलेला चोथा दोन्हींत नाही. मैदा, साखर आणि पॉलिश केलेला तांदूळ लहान आतड्यातच जवळजवळ पुरा पचतो, मोठ्या आतड्यातल्या राखणदारांपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. उपाशी राखणदार आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

आता याच म्हाताऱ्यांचं पूर्वीचं ताट आठवा. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. सोबत भरीत, त्यात कांद्याची पात आणि शेंगदाणे. अंबाडी, मेथी, पोकळा. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे. उडदाची डाळ तर रोजचीच. हे गरिबीचं जेवण होतं, त्याचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. त्या काळी इथली पुष्कळ माणसं साठीही गाठत नव्हती आणि त्याला पटकी, प्लेग, उपासमार अशी पुष्कळ कारणं होती. पण आतड्यातल्या जंतूंना काय मिळत होतं एवढाच प्रश्न असेल, तर त्या ताटात वेगवेगळ्या प्रकारचा चोथा होता आणि तो रोज होता. साठ-सत्तर वर्षं ज्या जंतूंनी कळण्याच्या भाकरीवर संसार केला, त्यांच्यापुढे आपण शेवटच्या पाच-सात वर्षांत बिस्किट आणि खिचडी टाकतो. नाना मला पहिल्या वर्षी भेटले की म्हणायचे, ‘आठे भाकर भेटत नही रे भो’ (इथे भाकरी मिळत नाही रे भाऊ). मी ती घरच्या आठवणीची तक्रार समजत होतो.

ट्रस्टचं म्हणणंही ऐकायला हवं. भाकरी थापायला हात लागतो, तो हात महिन्याला पगार मागतो. कुकरची खिचडी एक माणूस तीस जणांची लावतो. शिवाय दात नसलेल्याला भाकरी घशात अडकली, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं आणि न्यूमोनिया झाला, तर जबाबदार कोण? हा धोका खरा आहे. अर्धांगवायू झालेल्या, नीट गिळता न येणाऱ्या माणसाला मऊ अन्नच द्यायला हवं, आणि तिथे डॉक्टरचाच शब्द चालावा. पण त्या आश्रमात असे तिघे-चौघे आहेत. त्या तिघा-चौघांसाठी बावीस जणांचं ताट एकाच मापाने मऊ करणं याला काळजी म्हणायचं की सोय? भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून दात नसलेल्या किती पिढ्या जेवल्या. भरीत तर चावावंही लागत नाही. खिचडीच करायची तर तीत सालीची मूग आणि पालेभाजी घालायला कुकर नाही म्हणतो का? केळीच्या बागांनी वेढलेल्या रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात तरी वेगळं फळ विकत आणायची गरज नाही. जरा कमी पिकलेल्या केळात तर न पचणारा पिष्टही जास्त असतो, आणि तो थेट मोठ्या आतड्यात जंतूंच्या पंगतीला जातो.

ताटापेक्षा अवघड प्रश्न गोळ्यांच्या डब्याचा आहे. नानांचा डबा मी उघडून पाहिला. ‘गॅसची गोळी’ म्हणून पॅन्टोप्रॅझोल चार वर्षांपासून रोज सकाळी चालू होतं. सुरू का झालं हे नानांना आठवत नव्हतं. कधीतरी दुखणाऱ्या गुडघ्यासाठी गोळी दिली, तिच्याबरोबर पोटाला जपणारी म्हणून ही आली, गुडघ्याची थांबली आणि ही राहिली. पोटातलं आम्ल हे पहिलं चेकनाकं असतं. ते वर्षानुवर्षं बंद ठेवलं तर गिळलेले जंतू खाली सुखरूप पोचतात. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांमुळे डिफिसिलच्या जुलाबांचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली दिला. रक्तस्राव झालेल्याला किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ही गोळी प्राण वाचवणारी असते, त्याने ती आपल्या मनाने बंद करू नये. नानांच्या डॉक्टरांनी मात्र कागद पाहिले आणि दोन मिनिटांत ती थांबवली. विचारायला चार वर्षं कोणी गेलं नव्हतं.

प्रतिजैविकांचं त्याहून वाईट. आश्रमात कोणाला बरं नसलं की लघवी तपासायला पाठवतात, रिपोर्टमध्ये जंतू दिसले की सात दिवसांचा कोर्स सुरू. आता हे आकडे पाहा. निवासी देखभालीत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्क्यांच्या आणि पुरुषांपैकी १५ ते ४० टक्क्यांच्या लघवीत कसलीही तक्रार नसताना जंतू सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, तर अशा जंतूंना औषध देऊ नये, असं अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २००५ आणि २०१९ अशी दोनदा सांगतात, कारण त्याने फायदा होत नाही आणि नुकसान होतं. नुकसान कुठे होतं ते आपण वर पाहिलं: त्या गोळ्या लघवीत पोचण्याआधी आणि नंतरही आतड्यातल्या राखणदारांना झोडपत असतात. जुलाब लागले तर आपल्याकडे मेडिकलवाला ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल ही दोन जंतुनाशक औषधं एकत्र असलेल्या दोन गोळ्या कापून देतो. जुलाब कदाचित आधीच्या प्रतिजैविकामुळेच लागलेत का, हे विचारणं त्याचं काम नाही, आणि ज्यांचं काम आहे ते समोर नसतात. २०१४पासून प्रतिजैविकांच्या मोठ्या यादीला शेड्यूल एच-वन लागू आहे, चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी असा नियम आहे. गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघही त्यासाठीच आहे. रात्री आठला तालुक्याच्या मेडिकलवर उभे राहून पाहा, म्हणजे ती रेघ किती जण वाचतात ते कळेल.

इथे समोरचा माणूस जे म्हणतो ते मला सगळ्यात जड वाटतं. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तरी ताप येतोच असं नाही. तो गप्प होतो, बरळतो, जेवायचं सोडतो, आणि काही तासांत रक्तदाब खाली येतो. अशा वेळी ‘आतड्यातले जंतू जपा’ म्हणत थांबलं तर माणूस हातचा जाईल. अगदी बरोबर. अशा वेळी प्रतिजैविक ताबडतोब, शिरेतून, हवं तेवढं द्यावं, आणि आतड्याचं काय ते नंतर पाहावं. घर पेटल्यावर पाण्याने भिंती खराब होतील म्हणून कोणी बंब अडवत नाही. पण रोज सकाळी बंबाने घर धुवायचं का? खऱ्या संकटाच्या दिवशी औषध लागू पडावं असं ज्याला वाटतं, त्यानेच बाकीच्या दिवशी ते जपून वापरावं. ज्या म्हाताऱ्याला वर्षात पाच कोर्स झाले, त्याच्या आतड्यात त्या औषधांना न जुमानणारे जंतूच निवडून उरलेले असतात, आणि सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने जीव धोक्यात आल्याच्या, रात्री डॉक्टरांची पहिली बाटली वाया जायची शक्यता त्यालाच जास्त.

मग दह्याचं काय? दही-ताकाशी माझं भांडण नाही. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पोटात पाणी, मीठ आणि थोडी प्रथिनं जाण्याचा ताकाइतका सोपा मार्ग मला माहीत नाही. भांडण आहे ते दह्याला औषधाचा मुकुट घालण्याशी. हा मुकुट नुसत्या आपल्या परंपरेने घातलेला नाही, हेही जाता जाता सांगतो. दह्यातल्या जंतूंनी म्हातारपण लांबतं हा विचार जगभर पसरवला तो इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बसून, बल्गेरियातल्या शेतकऱ्यांकडे बोट दाखवत. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण ते रोगप्रतिकारशक्तीच्या कामासाठी. आंबवलेलं दूध नेमाने पिऊन ते स्वतः एकाहत्तराव्या वर्षी, १९१६ साली वारले. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मोठ्या चाचण्या पाहू. ब्रिटनमध्ये पासष्ट वर्षांपुढच्या जवळजवळ ३००० रुग्णांना प्रतिजैविकाबरोबर प्रोबायोटिक किंवा नुसती बिनऔषधी कॅप्सूल दिली. जुलाबांत फरक पडला नाही. ही चाचणी २०१३ची. पुढे तिथल्याच २३ केअर होममधल्या ३१० रहिवाशांना वर्षभर रोज प्रोबायोटिक किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी कॅप्सूल दिली, संसर्ग कमी होऊन प्रतिजैविकं कमी लागतील या आशेने. २०२०मध्ये निकाल आला: प्रोबायोटिक गटात प्रतिजैविकांचे सरासरी १२.९ दिवस, दुसऱ्या गटात १२. उजाड झालेल्या रानात दोन जातींची रोपं नेऊन टाकली आणि पाणी-खत काहीच दिलं नाही, तर रान उभं राहील का? त्या खोक्यातल्या पुड्यांच्या किमतीत आश्रमाला वर्षभराचे साबण आले असते.

आता पहिल्या भाषणाकडे, म्हणजे संस्कारांकडे. घरीच ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक पुरावा मी वर स्वतःच दिला आहे: कॉर्कमध्ये घरी राहणाऱ्यांचे जंतू जास्त विविध होते. पण तिथे फरक पाडणारी गोष्ट ताट होती, आणि ताट घराबरोबर आपोआप येतं असं मानायचे दिवस गेले. खानदेशातली निम्मी गल्ली सुरत, पुणे, नाशिकला कामाला गेलेली. मागे राहिलेल्या आजीकडे सकाळी डबा येतो, तोच संध्याकाळी गरम होतो. उरलेल्या वेळी चहा आणि टोस्ट. गोळ्या मुलगा फोनवरून सांगतो, शेजारचा पोरगा आणून देतो. हा एका खाटेचा वृद्धाश्रमच झाला, फक्त त्याला पाटी नाही आणि तिथे शोकसभाही होत नाही. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींवर होती. ती सगळी मुलाच्या डोळ्यांसमोर, सुनेच्या हातची भाकरी खात म्हातारी होतील, या कल्पनेत सुनेच्या हातांना कोणी विचारलेलं नसतं, ही आणखी एक गंमत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पोटगी आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधारांसाठी एक वृद्धाश्रम राज्याने उभारावा अशी अपेक्षा आहे. आपली चर्चा त्यातल्या कैद आणि पोटगीपाशी थांबते. आश्रमात गेल्यावर माणसाचं काय होतं, तिथे ती पोचतच नाही.

मी हे बोलतो तेव्हा लोक हसतात: एवढ्या मोठ्या प्रश्नाला भाकरी आणि साबण? त्यांना मी नारूची आठवण देतो. महाराष्ट्र हा नारूच्या सात राज्यांपैकी एक होता. पायातून हातभर लांब जंत काडीवर गुंडाळत बाहेर काढणारी माणसं पाहिलेले लोक आजही गावोगाव आहेत. त्या रोगावर लस नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हतं. पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, पाणी फडक्याने गाळून प्या, हातपंप बसवा, आणि प्रत्येक रोग्याची नोंद ठेवा, एवढ्यावर तो गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ सालचा, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. फडक्याने गाळण्याला तेव्हाही लोक हसलेच असतील. त्या मोहिमेतली नोंदवही कोणाला आठवत नाही, पण तिच्याशिवाय कुठल्या गावची विहीर बुजवायची हे कळलं नसतं.

म्हणून मी ट्रस्टकडे मागितली ती एक दोनशेपानी वही. कोणाला कोणत्या तारखेला काय त्रास झाला, कोणती गोळी दिली, कोणी लिहून दिली, कधी बंद करायची, आणि जुलाब लागले असतील तर त्याआधी कोणती प्रतिजैविकं झाली. दर महिन्याला येणाऱ्या डॉक्टरांनी तपासणीआधी ती वही चाळायची. ट्रस्टचे गृहस्थ म्हणाले, ‘लिहायला माणूस कुठून आणू?’ हाही प्रश्न खोटा नव्हता. शेवटी दहावी झालेल्या एका मदतनीस ताईंनी काम अंगावर घेतलं. पहिल्या दोन महिन्यांची पानं मी पाहिली. निम्म्या ओळींत गोळीचं नाव आहे, कारण नाही. ‘अशक्तपणा’ हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि त्यातल्या सहा वेळा त्याच्यापुढे प्रतिजैविक. हे तरी आता दिसतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना घागर भरून पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवण्याची आपली रीत आहे, आणि त्या दिवशी आश्रमाच्या फळ्यावर जागा मिळत नाही. यंदा आम्ही चौघांनी मिळून त्या दिवशीची पंगत न देता एक पोतं ज्वारी, दहा किलो सालीचे उडीद, साबणांचा खोका आणि भाकरी करणाऱ्या बाईचा सहा महिन्यांचा पगार दिला. फळ्यावर नाव लिहायचं कसं, असा प्रश्न व्यवस्थापकांना पडला, कारण वार सांगता येईना. बाई मिळाल्या, पण त्यांना सकाळचीच वेळ जमते. नाना दुपारी वरणात कुस्करलेली कळण्याची भाकरी खातात. संध्याकाळी अजून खिचडीच असते.